पोथीमागचे पुस्तक

आमच्या साताऱ्याच्या घरात १९५९ साली दोन प्रेमकथा एकाच वेळी वाचल्या जात होत्या. एक उघड आणि दुसरी चोरून. उघड वाचली जाई ती नाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'ची पोथी, आणि चोरून वाचली जाई ती ना. सी. फडक्यांची एक कादंबरी. वाचणारी मात्र एकच होती, माझी अक्का. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मी बारा वर्षांचा.

उपवर मुलीने 'रुक्मिणीस्वयंवरा'चा नेमाने पाठ केला की तिचे लग्न लवकर जमते, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. तिच्याप्रमाणे अक्काला रोज सकाळी न्हाऊन, देवापुढे पाट मांडून पोथी वाचायला बसवीत. आई स्वयंपाकघरातून कान देऊन असे. पहिल्या दहापंधरा ओव्या अक्का मोठ्याने म्हणायची, मग आवाज हळूहळू खाली यायचा, आणि शेवटी नुसते ओठ हलायचे. आईला वाटे, पोरीची तंद्री लागली. तंद्री लागलेली असायचीच. फक्त पोथीच्या मागे दुसरे पुस्तक उघडे असायचे.

हे दुसरे पुस्तक वाचनालयातून आणण्याचे काम माझे होते. एकट्या मुलीने वाचनालयात जावे आणि कादंबरी मागावी, हे आमच्या आळीत शोभणारे नव्हते. मी वाण्याकडे जातो असे सांगून निघायचा, सदऱ्याच्या आत पुस्तक घालायचा, आणि घरी पोचण्यापूर्वी मंगळवार तळ्याच्या पायरीवर बसून त्याची पाचपन्नास पाने आधी स्वतः वाचून काढायचा. टपालवाल्याने दुसऱ्याची पत्रे वाचावीत तसे ते होते. पण त्या वयात ती चोरी वाटत नव्हती, हमालीचा मोबदला वाटत होता.

एकदा अक्काने एक पुस्तक ठरल्या दिवसापेक्षा जास्त ठेवले. मी तीनचतुर्थांश वाचून तिला दिले होते, आणि पुढे काय होते या उत्सुकतेने माझा जीव टांगणीला लागला होता. मी मागितले; ती म्हणाली, "अजून चाळीस पानं राहिलीत." दुसऱ्या दिवशी मागितले, तेव्हाही तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी मी रागाच्या भरात आबांपुढे उभा राहिलो आणि सांगून टाकले, "अक्का पोथीमागं कादंबरी वाचते."

आबा ओरडले नाहीत. ते उठले, देवघरात गेले, तिच्या हातून पुस्तक काढून घेतले, आणि त्याच संध्याकाळी वाचनालयात ते परत करून वर्गणीही बंद करून आले. पोथी मात्र चालू राहिली. पुढच्या वर्षी अक्काचे लग्न होऊन ती सांगलीला गेली. १९६० हे तेच साल, ज्या साली दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव बदलून सांगली झाले. अक्काचेही नाव त्याच साली बदलले. जिल्ह्याला कुणी विचारले असेल की नाही ते मला ठाऊक नाही. अक्काला कुणी विचारले नव्हते.

या गोष्टीला आता सहा तपे होत आली. मी अठ्ठ्याहत्तरीत आहे आणि अक्का पंच्याऐंशीची. पण त्या सकाळी माझ्या बालमनात उमटलेला एक प्रश्न अजून गेलेला नाही. तो प्रश्न असा, की पोथीतली प्रेमकथा पुण्यप्रद आणि पुस्तकातली प्रेमकथा बाटवणारी, हे कसे?

कारण पोथीत तरी काय आहे? विदर्भाच्या राजकन्येने भावाने ठरवलेले स्थळ मनातून नाकारले. ज्याला पाहिलेही नव्हते, नुसते ऐकले होते, त्या पुरुषाला तिने आपण होऊन पत्र लिहिले. ते एका ब्राह्मणाच्या हाती गुपचूप पाठवले. कुठे यायचे, कधी यायचे, हेही तिनेच कळवले. आणि ऐन लग्नाच्या वेळी अंबिकेच्या देवळातून निघून ती त्याच्या रथात बसली. भागवताच्या दशमस्कंधातली ही कथा एकनाथांनी १५७१ साली काशीस बसून अठरा प्रसंगांत मराठीत आणली. आमच्या आळीतल्या एखाद्या मुलीने यातला चौथा हिस्सा जरी केला असता, तरी तिच्या बापाला वर्षभर मोती चौकातून मान वर करून जाता आले नसते. आणि ही कथा मुलीच्या हाती द्यायची ती कशासाठी? तर आम्ही ठरवू त्या मुलाशी तिचे लग्न निमूटपणे जमावे म्हणून!

आबा शाळेत संस्कृत शिकवीत. 'शाकुंतला'चा तिसरा अंक ते मुलांना असा काही समजावून देत, की कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिणारी शकुंतला डोळ्यांपुढे उभी राहावी. मोठा झाल्यावर एकदा धीर करून मी त्यांना माझा प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रुक्मिणीनं पत्र लिहिलं ते कृष्णाला. अमक्यातमक्याला नव्हे. नाथांच्या लेखी ते जीवाचं शिवाशी लग्न आहे. तुमच्या कादंबरीतल्या पोरीला कोण भेटणार आहे? टेनिसची बॅट घेतलेला एखादा पोरगा."

आबांचे हे उत्तर मी तेव्हा हसण्यावारी नेले होते. आज ते तितके हसण्यासारखे वाटत नाही. ज्याच्यासाठी सर्वस्व सोडायचे तो तेवढ्या मोलाचा आहे काय, हा त्यातला प्रश्न खरा आहे. प्रेमकथा वाचणाऱ्याला ओढ लावते; पण ओढ लावण्याजोगे काही जगात आहे याची हमी ती देत नाही. तहान लावून पाणी न देणाऱ्याला आपण काय म्हणू?

आबांच्या पंगतीला बसणारी माणसे जगात सगळीकडे होऊन गेली आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी जपानच्या राजदरबारातल्या मुरासाकी शिकिबू या बाईने 'गेंजी'ची प्रदीर्घ प्रेमकथा लिहिली. तिच्यात एक मौजेचा प्रसंग आहे. पावसाळ्याचे दिवस आहेत आणि घरातल्या स्त्रिया गोष्टी वाचण्यात, उतरवून घेण्यात गढल्या आहेत. गेंजी येतो, त्या खोट्या गोष्टींत रमणाऱ्या एका तरुणीची थट्टा करतो; आणि बोलता बोलता त्यालाच उमगते, की इतिहासाच्या पोथ्यांत न सापडणारे माणसाचे खरे जिणे या गोष्टींतच सापडते. पण लगेच पुढे, आपल्या लहान मुलीला मात्र असल्या प्रेमकथा वाचून दाखवू नका, अशी ताकीदही तो देतो! हजार वर्षांपूर्वीचा तो जपानी सरदार आणि साताऱ्याचे आमचे आबा, दोघांचा एकच बाणा. गोष्ट खरी आहे, पण आमच्या मुलीला नको.

इटलीच्या दान्तेने तर नरकातच एक जोडपे दाखवले आहे. ती दोघे मिळून एका शूर सरदाराची प्रेमकथा वाचीत होती. वाचता वाचता एका ठिकाणी थांबली, आणि पुढे त्या दिवशी त्यांनी पुस्तक वाचले नाही. फ्रान्सात १८५७ साली फ्लोबेरवर 'मादाम बोव्हारी'बद्दल नीतिभ्रष्टतेचा खटला झाला, आणि तो त्यातून निर्दोष सुटला. गंमत अशी, की त्या कादंबरीची नायिका स्वतःच कोवळ्या वयात प्रेमकथा वाचून वाचून संसाराला विटलेली आहे. आणि त्याच १८५७ साली आपल्याकडे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. तिकडे लग्नात सुख न सापडलेली बाई, इकडे हिंदू विधवांचे हाल. एका देशात लग्न झालेल्या स्त्रीला काय हवे असते हा प्रश्न होता. आपल्या देशात स्त्रीला काही हवे असू शकते, हेच अजून सांगायचे होते.

आणि सांगणाऱ्या माणसांपैकी कितीतरी आमच्या या कृष्णाकाठची आहेत! काशीबाई कानिटकर आष्ट्याच्या. १८६१ चा जन्म. आष्टे तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत. नवव्या वर्षी लग्न झाले, शाळा पाहिली नाही, घरातच अक्षरे गिरवून शिकल्या, आणि पुढे कथा-कादंबऱ्या लिहिण्यापर्यंत मजल मारली. अक्काने पोथीमागे पुस्तक धरले त्याच्या पाऊणशे-ऐंशी वर्षे आधी या बाईंना पुस्तक हाती धरण्यासाठीच केवढे धैर्य लागले असेल! गोविंद बल्लाळ देवल सांगलीशेजारच्या हरिपूरचे. त्यांची 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आली. पैशाच्या लोभाने बाप पोटच्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, ही तिची कथा. तिचा ठसा एवढा, की १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा 'सारडा कायदा' झाला तेव्हा तो देवलांच्या शारदेच्याच नावाचा असे कित्येकांना वाटले. वास्तविक ते नाव हरबिलास सारडांचे. पण लोकांच्या त्या गैरसमजातही एक न्याय होता. खांडेकरांचा जन्मही सांगलीतच, १८९८ सालचा. कला कलेसाठी की जीवनासाठी, असा त्यांचा आणि फडक्यांचा पक्ष महाराष्ट्राने वाटून घेतला होता. अक्का दोघांनाही पोथीमागे सारख्याच मायेने ठेवी.

खुद्द 'कादंबरी' हा शब्द पाहा. इंग्रजीत या वाङ्मयप्रकाराला जे नाव आहे त्याचा अर्थ नवे, नवलाचे असा आहे. आपण काय म्हणतो? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या एका प्रेमकथेतल्या नायिकेचे नाव घेतो. सांगलीच्या पलीकडे कन्नड मुलखात जा, तिथेही हाच शब्द. म्हणजे युद्धावरची असो, गिरणीवरची असो की दुष्काळावरची, आपली प्रत्येक कादंबरी एका प्रेमिकेचे नाव कपाळावर लावून जन्माला येते. आणि त्याही आधीचे पाहायचे तर सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' आहे. मराठीची आजी म्हणावी अशा महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातएकशे गाथा. शेत, नदी, पाऊस, आणि त्यांच्या आडून आपल्या मनातले बोलणाऱ्या साध्यासुध्या बायका. तेव्हा प्रेमकथा ही विलायतेहून आलेली साथ आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरातली जुनी पेटी उघडलेली नाही.

परंतु प्रेमकथा जुनी आहे एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही. जुने रोगही असतात. मूळ प्रश्न राहतोच. ती वाचून माणूस बिघडतो की नाही?

वाचकहो, याचे उत्तर मी स्वानुभवाने देऊ शकतो. बिघडतो. पण आमच्या घरात बिघडला तो कोण, ते सांगायचे राहिले आहे.

अक्कावर सगळ्यांची नजर होती. माझ्यावर कुणाचीच नव्हती. वर्गणी बंद झाल्यावर मी मित्राच्या नावावर पुस्तके आणू लागलो, आणि मिसरूड फुटेपर्यंत हाती लागेल ती प्रेमकथा मी फस्त केली होती. माझे लग्न १९७३ साली झाले. बायको वाईची. पहिल्या वर्षभर मी तिला अजिंक्यताऱ्यावर फिरायला नेई, सूर्यास्ताकडे बोट दाखवी, आणि आता ही काहीतरी बोलेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राही. दिवसभर दहा माणसांचे करून दमलेली ती बाई म्हणे, "उतरूया का आता? सकाळी दळण आणायचंय." मी रुसे. गजरा आणला तर तो ती आधी देवाला वाही; मी आणखी रुसे. आपल्या नशिबी अरसिक बायको आली, असे मी स्वतःच्या मनाशी नक्की करून टाकले होते. आणि या समजुतीत मी एकदोन नव्हे, चांगली आठदहा वर्षे काढली. त्या वर्षांत तिला काय वाटत होते हे मी एकदाही विचारले नाही.

पुष्कळ वर्षांनी, मुले मोठी झाल्यावर, तीच एकदा सहज म्हणाली, "तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता. माझ्या मागं कुणीतरी उभं होतं, तिच्याशी बोलत होता. मी बाजूला व्हावं की काय, असं वाटायचं मला."

एवढे कठोर वाक्य माझ्याविषयी कुणी उच्चारलेले नाही, आणि एवढे खरेही.

तेव्हा मला सेर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते'ची आठवण झाली. १६०५ साली आलेल्या त्या पुस्तकात गोष्टी वाचून ज्याचे डोके फिरते तो पुरुष आहे, चांगला पन्नाशीच्या घरातला. शेजारच्या गावच्या शेतकरणीला तो मनोमन राजकन्या करून टाकतो. त्या बिचारीला याचा पत्ताही नसतो. गावचा पाद्री आणि न्हावी त्याची पुस्तके जाळतात, त्याचा उपयोग होत नाही. जगाने या पुरुषाला हसून घेतले आणि पुस्तके काढून घेतली ती मुलींच्या हातून!

महाभारतातल्या दमयंतीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. स्वयंवराच्या मंडपात चार देव नळाचेच रूप घेऊन बसले होते. पाच नळ, सारखेच देखणे. तिने ओळखले कशावरून? देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगावर घाम नव्हता, पाय जमिनीला टेकत नव्हते. ज्याला घाम आला होता, ज्याच्या अंगावर धूळ होती, ज्याची सावली पडत होती, त्याच्या गळ्यात तिने माळ घातली. मला वाटते, चांगली प्रेमकथा आणि वाईट प्रेमकथा यांतला फरक यापेक्षा नेमका कुणी सांगितलेला नाही. चांगली कथा घामेजलेले माणूस ओळखायला शिकवते. वाईट कथा पाय न टेकणाऱ्या देवाची, किंवा अप्सरेची, चटक लावते. मी दुसरी शिकवणी घेतली होती. माझ्यापुढे धुळीचे पाय घेऊन उभी असलेली बाई मला दिसली नाही.

आणि अक्का? तिने काय घेतले?

अक्काचे यजमान, आमचे भावोजी, सांगलीच्या बाजारात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. माणूस सरळ, अबोल. कपड्यांना हळदीचा वास कायमचा बसलेला. अक्काला पाहायला आले तेव्हा तिला नाव विचारले, स्वयंपाक विचारला, सुईत दोरा ओवायला लावला. तिने मान खाली घालून सगळे केले. सगळ्यांना सगळे विचारून झाले. बैठक उठली आणि सुपारी फुटली. "तुला मुलगा पसंत आहे का?" हे एक वाक्य त्या दिवशी आमच्या घरात कुणाच्याच तोंडून निघाले नाही, आणि न विचारण्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ते वाक्य आमच्या घरच्या भाषेतच नव्हते.

पुढे १९८५ साली अक्काच्या मुलीला एक फार चांगले स्थळ आले. मुलगा इंजिनियर, घर खाऊनपिऊन सुखी, देण्याघेण्याची अट नाही. मी त्या बैठकीला सांगलीत हजर होतो. बाहेरच्या खोलीत होकार जवळजवळ ठरला होता. तेवढ्यात अक्का मुलीला घेऊन स्वयंपाकघरात गेली. पाचसात मिनिटांनी एकटीच बाहेर आली आणि पदर सावरून, सगळ्या पुरुषांच्या देखत, शांतपणे म्हणाली, "माफ करा. पोरीच्या मनात नाही."

त्या रात्री घरात कुणी धड जेवले नाही. मी अक्कावर चिडलो. म्हणालो, "एवढं स्थळ हातचं घालवलंस! तिला काय कळतंय?" अक्का भांडी विसळत होती. म्हणाली, "मला तरी कुठं कळत होतं? पण कुणी विचारलं असतं तर मी विचार केला असता. विचारलंच नाही कुणी, मग विचार कशाला करायचा?" जरा थांबून ती पुढे म्हणाली, "बापू, पोथीत असू दे नाहीतर पुस्तकात, एवढं एक मात्र सगळीकडं सारखं होतं बघ. तिला कुणीतरी विचारतं, नाहीतर ती आपण होऊन सांगते. बाकीचं सगळं मी विसरले."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. मी शेकडो प्रेमकथा वाचल्या होत्या आणि तीत हे मला कधी दिसले नव्हते. पण आता जिकडे पाहतो तिकडे तेच दिसते. रुक्मिणीचे पत्र म्हणजे दुसरे काय आहे? दमयंतीची माळ, शकुंतलेचे कमळपान, देवलांच्या शारदेचा आक्रोश? जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या कादंबरीत एलिझाबेथ एका पाद्रीबुवाला साफ नकार देते, आणि तो तिचा नकार ऐकूच शकत नाही. बायकांचा नकार म्हणजे लाजणे, असे त्याने गृहीत धरलेले असते. त्या प्रसंगाला दोनशे वर्षे लोक हसत आले, तरी ते पाद्रीबुवा अजून घरोघर आहेत. देश कुठलाही असो, युग कुठलेही असो, प्रेमकथेच्या गाभ्यात हे एकच बी आहे. एका माणसाच्या, विशेषतः ज्याला कुणी विचारत नाही अशा माणसाच्या, होकाराला आणि नकाराला किंमत आहे. आबांना जी बाटवणारी गोष्ट वाटली ती बहुधा हीच असावी, आणि पोथीमध्येही ती नाथांनी जपून ठेवलेलीच होती.

येथे कुणी म्हणेल, विचारून केलेली लग्ने तरी कुठे सुखाची होतात? मान्य आहे. भाचीने पुढे तीन वर्षांनी स्वतःच्या पसंतीने लग्न केले. ते सुखाचे झाले की नाही, हे मी मुद्दामच सांगणार नाही. कारण सुखाचे झाले म्हटले तर तुम्ही म्हणाल, म्हणून विचारणे योग्य. आणि दुःखाचे झाले म्हटले तर म्हणाल, पाहा, म्हणून विचारू नये. माणसाला विचारायचे ते त्याचे उत्तर बरोबर येईल म्हणून नव्हे. ज्याचे आयुष्य आहे तो तो आहे, म्हणून विचारायचे.

आणि ही किंमत पुस्तकाबाहेर फार महाग पडते, हेही आमच्या मुलखाला ठाऊक आहे. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षाचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पवळेसाठी जात, घर, वतन सगळे मागे टाकून तमाशाच्या फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. महाराष्ट्राने त्यांच्या लावण्या डोक्यावर घेतल्या, माणूस मात्र वाळीत टाकला; १९४५ साली ते गेले तेव्हा हलाखीतच होते. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांच्या 'आवडी' या कादंबरीवर पुढे १९६९ साली चित्रपट निघाला, त्याचे नाव 'टिळा लावते मी रक्ताचा'. नावातच सगळे आले. टेनिसच्या बॅटीवाल्या नायकांच्या कादंबऱ्या वाचताना हे रक्त आम्हाला दिसत नव्हते. आजही वर्तमानपत्र उघडले की ते अधूनमधून दिसतेच.

तेव्हा प्रेमकथेचा खरा दोष कोणता, ते मला आता असे वाटते. ती होकारापाशी संपते. जणू होकार मिळाला की पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही! २००५ साली कृष्णेला महापूर आला, तेव्हा अक्काच्या घरात कमरेइतके पाणी शिरले. भावोजी सत्तरीचे होते. पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा त्यांनी आधी अक्काची पुस्तकांची ट्रंक उचलून माळ्यावर टाकली, आणि मग धान्याचे डबे. या माणसाने जन्मात एक कादंबरी वाचलेली नव्हती. अक्का मला हे सांगताना म्हणाली, "हे कुठल्या पुस्तकात नव्हतं गं बाई, असं मनात आलं माझ्या." ज्याला तिने होकार दिला नव्हता, कारण कुणी मागितलाच नव्हता, त्याला तो होकार तिने हळूहळू, पंचेचाळीस वर्षांत, थोडा थोडा करून दिला असावा. त्याने आबांची चूक बरोबर ठरत नाही. भुकेल्याने कोंड्याचा मांडा करून खाल्ला, तर श्रेय करणारीचे. कोंडा देणाऱ्याचे नव्हे.

साताऱ्याहून सांगलीला जाताना वाटेत कराड लागते. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. लोकांनी त्या जागेला नाव दिले आहे प्रीतिसंगम. नाव द्यावे तिथेच ते दिले आहे. पण नदी काही तिथे संपत नाही. ती पुढे सांगलीला जाते, हरिपुराशी वारणेला घेते, शेते भिजवते, कधी घरात शिरते. गोष्टी सांगणारे प्रीतिसंगमाच्या घाटावर उतरतात. संसार करणाऱ्यांना पाण्याबरोबर पुढे जावे लागते.

गेल्या भाऊबीजेला मी सांगलीला गेलो तेव्हा पिशवीत ओवाळणीबरोबर एक पुस्तक होते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती कादंबरी मला अवचित मिळाली. तीच, जी १९५९ साली आबांनी अक्काच्या हातून काढून घेतली होती. भावोजी जाऊन बरीच वर्षे झाली. अक्काला आता बारीक अक्षर दिसत नाही. तिने ओवाळल्यावर मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणालो, "अक्का, तुझी चाळीस पानं माझ्याकडं राहिली होती. वाचून दाखवतो."

तिने पुस्तकावरून हात फिरवला. मला वाटले होते, तिने नंतर कधीतरी ते मिळवून पुरे केले असेल. विचारले, तर हसून म्हणाली, "नाही रे. मिळत होतं की इथंही. पण त्यात काय असणार? लग्न होणार त्यांचं. त्याच्या पुढचं मी रोज वाचत होते ना."

मी पुस्तक उघडले. चष्मा लावला. आणि मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, तिला काही विचारावे असे मला सुचले. मी म्हटले, "वाचू का? तुला हवंय का?"

अक्काने थोडा विचार केला. अगदी खरोखरचा विचार केला. मग म्हणाली, "वाच. पण आधी चहा टाक. मी बसून ऐकणार आहे."